एक ट्रक, एक घर
(मंडळाच्या निधिसंकलन कार्यक्रमातील भाषण)



आजचा निधी महाराष्ट्रातल्या ट्रकचालकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी आहे, म्हणून आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवलं की चार शब्द ट्रकवरच बोलू या.

सुट्टीत गावी गेलं की आम्हां जपानवाल्यांना एक प्रश्न हमखास येतो. "तिकडं जुन्या गाड्या स्वस्त मिळतात म्हणे, एखादा ट्रक पाठवा की!" विचारणारा बहुधा एकाच गाडीचा मालक, आणि ड्रायव्हरही तोच. गाडी कर्जावर घेतलेली. ती पंधरा दिवस गॅरेजला लागली, की बँकेचा हप्ता चुकतो आणि पाठोपाठ शाळेची फी.

ट्रक पाठवणं काही जमत नाही. तीन वर्षांहून जुनं वाहन भारतात आणायला सरकारी नियम आडवा येतो. पण गाडी कशी पारखावी, हे मात्र इथून शिकता येतं.

गंमत म्हणजे जपानमध्ये एकच मोठा ट्रक घेऊन भाड्यानं माल वाहायचा धंदा सहसा करता येत नाही. परवान्यासाठी किमान पाच गाड्या लागतात. एका गाडीवर धंदा करणारे दिसतात ते काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेल्या छोट्या 'केई' गाड्यांचे.

मोठे ट्रक बनवणारी नावं चार: हिनो, इसुझु, मित्सुबिशी फुसो आणि यूडी. पण नुसत्या नावावर विसंबू नये. जानेवारी 2002 मध्ये योकोहामात मित्सुबिशीच्या एका ट्रकचं चाक निखळलं आणि रस्त्यानं मुलांना घेऊन चाललेल्या एका आईचा जीव गेला. कंपनीनं आधी देखभालीकडे बोट दाखवलं. शेवटी 2004 मध्ये हबमधला दोष कबूल करून गाड्या परत बोलवाव्या लागल्या. हिनोनं इंजिनांच्या प्रदूषणाचे आणि इंधनाचे आकडे फिरवल्याचं 2022 मध्ये उघड झालं. म्हणून पहिलं काम: गाडी घेण्याआधी चॅसिस नंबर देऊन विचारायचं, 'ही गाडी कधी परत बोलावली होती का? काम पुरं झालं का?'

दुसरी गोष्ट देखभालीची. इथं धंद्याच्या गाडीची रोज निघण्याआधी तपासणी, दर तीन महिन्यांनी मोठी तपासणी आणि मोठ्या ट्रकला दरवर्षी 'शाकेन', म्हणजे आपलं पासिंग. तरीही हिवाळी टायर चढवल्यावर चाकं निखळतात, तीही जास्त करून मागची डावी. म्हणून चाक बदललं, की पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळायचे. याला पैसा लागत नाही, पाना लागतो. जुनी गाडी घेताना सर्व्हिसच्या नोंदी मागा, चॅसिसवर वेल्डिंगचे डाग शोधा, इंजिन थंड असताना स्वतः चालू करून धूर बघा.

तिसरी गोष्ट आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या नेहमीच्या रस्त्यावर जिचे पार्ट्स मिळतात आणि जी मेकॅनिकच्या हातातली आहे, तीच गाडी आपली. एप्रिल 2020 पासून भारतात बीएस-6 आलं. आता सेन्सर बिघडला तर झाडाखालचा मिस्त्री काय करणार? स्कॅनर असलेलं वर्कशॉप किती लांब आहे, हे किंमत विचारण्याआधी विचारावं. आणि जपानी तंत्राचंच कौतुक असेल, तर ते 1980 च्या दशकातच आयशर-मित्सुबिशी, स्वराज-माझदा या नावांनी आपल्याकडे पोचलंय.

राहिला माणूस. जपाननं एप्रिल 2024 पासून चालकांच्या जादा कामाला वर्षाला 960 तासांची मर्यादा घातली. माल वेळेवर पोचेल का, अशी ओरड झाली, पण मर्यादा आली. गावाकडचा मालक-चालक स्वतःच स्वतःचा साहेब. त्याला 'आता झोप' म्हणून कोण सांगणार? हप्ता डोक्यावर असला की तो आणखी एक फेरी मारतो. कितीही भरवशाची गाडी घ्या, डुलकी लागलेल्या हाताला ती सावरत नाही.

मुलांच्या फीचा भार आपण थोडा उचलला, तर त्यातली एखादी रात्रीची फेरी टळेल. मंडळी, दाराशी पेटी ठेवली आहे. जाताना रिकाम्या हातानं जाऊ नका, एवढीच विनंती.