मोहीनचे घोडे



'बँड' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे वरात उभी राहते. लाल कोट, पितळी वाद्ये, डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसे. त्या बँडशी आजच्या विषयाचा काही संबंध नाही. चार-सहा तरुण एकत्र येतात, पदे स्वतःच रचतात, चाली स्वतःच लावतात आणि गिटार, ड्रम घेऊन ती स्वतःच गातात, अशा अर्थाचा बँड आज आम्ही आपल्यापुढे मांडणार आहोत. या संगीताला रॉक म्हणतात. ते नुसते कर्कश असते अशी आपल्यापैकी बऱ्याच जणांची समजूत असेल. ती पुष्कळदा खरीही असते.

पण आमचा बँड कलकत्त्याचा आहे, त्याची भाषा बंगाली आहे, आणि बंगालीचे वेड तर आपल्याला जुने. मामा वरेरकरांनी शरच्चंद्र आपल्या घरोघर नेले. पु. ल. देशपांडे शांतिनिकेतनात जाऊन बंगाली शिकले आणि त्यांनी 'वंगचित्रे' लिहिली. रवींद्रसंगीताचा एखादा तुकडा आपणही गुणगुणतो. एवढे झाल्यावर बंगालचे गाणे आपल्याला कळले असे आपण धरून चालतो; आणि रवींद्रनाथांनंतर तिथल्या तरुण पोरांनी काय गायले, हे विचारायचे राहून जाते.

या बँडचे नाव 'महीनेर घोडागुली'. बंगाली जिभेवर पहिल्या अक्षराचा 'मो' होतो. 'एर' हा षष्ठीचा प्रत्यय, 'गुली' हा अनेकवचनाचा. म्हणजे सरळ मराठीत 'मोहीनचे घोडे'. हा मोहीन कोण, असे विचारू नका. हे घोडे जीवनानंद दासांच्या 'घोडा' या कवितेतले, आणि ती कविता 'सातटि तारार तिमिर' या १९४८ च्या संग्रहात आहे. जीवनानंद १९५४ साली ट्रामच्या अपघातात गेले. त्यांच्या हयातीत त्यांना फार थोड्यांनी ओळखले. पुढे या बँडचेही जवळजवळ तेच झाले, म्हणून आम्हांला हे नाव नुसते शोभेचे वाटत नाही. हे नाव मिळण्यापूर्वी मंडळींनी दोनतीन नावे घालून पाहिली होती. सातजण म्हणून 'सप्तर्षी' झाले. एकदा तर 'गौतम चट्टोपाध्याय बी. एस्सी. आणि संप्रदाय' असेही झाले. जुन्या कीर्तनी पार्ट्यांच्या नावांची ती थट्टा असावी असा आमचा तर्क आहे. 'घोडागुली' हे नाव रंजन घोषालांनी सुचवले.

हा मेळा १९७५ च्या सुमारास जमला. त्याचा कर्ता गौतम चट्टोपाध्याय. बरोबर त्याचे दोन भाऊ, प्रदीप आणि विश्वनाथ. नात्यातले रंजन घोषाल. शिवाय तापस दास, तपेश बंदोपाध्याय आणि व्हायोलिनवाला अब्राहम मजुमदार. गौतमबाबूंची घडण दोन ठिकाणी झाली. पार्क स्ट्रीटच्या हॉटेलांत अँग्लो-इंडियन वादकांबरोबर ते इंग्रजी गाणी वाजवीत. दुसरीकडे दक्षिण कलकत्त्यातल्या नाकतळ्याच्या घरी बाउल गायकांचा राबता असे. बाउल म्हणजे एकतारी घेऊन हिंडणारे बंगालचे गाते फकीर. आपल्या वासुदेव-गोंधळ्यांची आठवण यावी, पण त्यांच्यापेक्षा अधिक बंडखोर. या दोहोंतून जे निपजले त्याला गौतमबाबू 'बाउल जॅझ' म्हणत. मधल्या काळात ते नक्षलवादी चळवळीत ओढले गेले, तुरुंगात राहिले आणि सुटल्यावर काही दिवस त्यांना बंगालबाहेर, जबलपूर-भोपाळकडे, काढावे लागले. आणीबाणीच्या आगेमागे हा मेळा जमला हे ध्यानात ठेवावे. ज्यांनी मित्र गमावले, ज्यांची क्रांती फसली, अशा मुलांचे हे गाणे आहे. पण त्यात घोषणा नाहीत. घोषणा देऊन झाल्यावर माणूस रात्री घरी येतो, तेव्हा त्याच्या मनात जे उरते ते या गाण्यांत आहे.

१९७७, १९७८ आणि १९७९ या तीन वर्षांत त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. त्यांची नावे मोठी मासलेवाईक. पहिली 'संविग्न पाखिकुल ओ कलकाता विषयक', म्हणजे 'अस्वस्थ पक्षिकुल आणि कलकत्त्याविषयी'. एखाद्या प्रबंधालाच शोभावे! दुसरी 'अजाना उडन्त बस्तु बा अ-उ-ब', अर्थात अज्ञात उडती वस्तू, आणि वर तिचे संक्षिप्त रूपही दिलेले. तिसरी 'दृश्यमान महीनेर घोडागुली'. तिन्ही मिळून गाण्यांचा आकडा दहापर्यंतही पोचला नाही.

त्या वेळच्या बंगाली श्रोत्याला 'आधुनिक गान' हवे असे. हेमंतकुमार, मन्ना डे यांच्यासारखा कमावलेला गळा, मागे व्हायोलिनांचा गोड ताफा, आणि पदात चंद्र, नदी, विरह. इथे गळे साधे, काही तर कच्चेच. पदांत ट्रामचे, धुराचे, मध्यमवर्गी खोलीचे शहर. मंडळींना नाट्यगृह मिळे, थोडे श्रोते मिळत. टाळ्यांपेक्षा भुवयाच अधिक वर जात. १९८१ च्या सुमारास मेळा मोडला. कोणी नोकरीला लागला, कोणी परदेशी गेला. गौतमबाबू चित्रपटाकडे वळले. त्यांच्या 'नागमती' या १९८३ च्या बंगाली चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गाणे मात्र संपल्यासारखे झाले.

आता ऐकायचे कसे ते सांगतो, कारण नवख्या श्रोत्याने पहिल्या तबकडीपासून सुरुवात केली तर तो तिसऱ्या गाण्याला उठून जाईल अशी आम्हांला भीती वाटते. ध्वनिमुद्रण जुने आहे, आवाज दबलेले आहेत. तेव्हा शेवटाकडून सुरुवात करावी. १९९५ ची 'पृथिबीटा नाकि' हे गाणे आधी ऐकावे. ऐकताच आपण म्हणाल, ही चाल तर ओळखीची! २००६ साली 'गँगस्टर' या हिंदी चित्रपटात प्रीतम यांनी तीच चाल घेतली आणि बांगलादेशाच्या जेम्स यांनी ती गायली. हिंदीत ते भिजल्या रात्रीचे विरहगीत झाले. मुळात ते दूरचित्रवाणीच्या पेटीविषयी आहे. साऱ्या दुनियेशी संबंध जुळला आणि त्याच खोलीत बसलेली दोन माणसे मात्र ताऱ्यांहून लांब गेली, असे त्याचे म्हणणे. १९९५ साली हे म्हटले गेले, तेव्हा खिशात मावणारी पेटी अजून यायची होती. हिंदी गाणे आम्हांलाही आवडते. पण त्या चालीचा मूळ अर्थ कळल्यावर ते पूर्वीसारखे ऐकता येत नाही.

मग मागे जाऊन पहिल्या तबकडीतले 'हाय भालोबासी' ऐकावे. आमच्या मते या बँडचे सगळे मर्म त्या एका गाण्यात आहे. गाणारा आपल्या आवडींची यादी सांगतो. चांदणे, पिकासो, बुन्युएल, बीटल्स, डिलन, रविशंकर, अली अकबर. सुशिक्षित कलकत्तेकर तरुणाचे हे सगळे कपाट. चाल अगदी हलकी, घोड्यावर बसल्यासारखी दुडकी. आणि मध्येच त्याला रानात, बंदरात राबणारी माणसे दिसतात, आणि म्हणतो की मग यातले काहीच गोड लागत नाही. आवाज चढत नाही, चाल बदलत नाही. ज्यांच्या कपाटात पुस्तके आहेत आणि ज्यांच्या घरात कामाला बाई येते, अशा आपल्यासारख्यांना हे गाणे निवांत बसून ऐकता येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

त्यानंतर तिसऱ्या तबकडीतले 'चैत्रेर काफन' घ्यावे. चैत्राचे कफन! आपली व्याख्यानमाला वसंतात भरते म्हणून हे नाव मुद्दाम सांगितले. दुसरी तबकडी सर्वांत शेवटी. तिच्यात गंमत आहे, पण ती गंमत त्यांच्यात आधी रुळलेल्यासाठीच आहे.

१९९५ चा उल्लेख वर आला. ती हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९९२ साली सुमन चट्टोपाध्याय यांच्या 'तोमाके चाइ'ने बंगाली श्रोत्यांचे कान बदलले. एक गिटार आणि रोजची बोली एवढ्यावर गाणे उभे राहते हे लोकांना पटले. तीन वर्षांनी कलकत्त्याच्या पुस्तक-जत्रेत गौतमबाबूंनी एक कॅसेट आणली, 'आबार बछर कुडि परे'. हेही नाव जीवनानंदांच्याच कवितेतले. कुडि म्हणजे वीस. आपल्या व्यापारातली 'कोडी' तीच. पुन्हा वीस वर्षांनी! पण त्या कॅसेटवर मेळ्याच्या नावापुढे एक शब्द होता, 'संपादित'. जुन्या मंडळींबरोबर नव्या, अनोळखी पोरांची गाणी तीत घेतली होती. वर सांगितलेले 'पृथिबीटा नाकि' हे क्रॉसविंड्झ या तरुण मंडळींच्या गळ्यातून आले.

गाणाऱ्याने संपादक व्हावे, ही गोष्ट आम्हांला फार मोठी वाटते. आपल्या आठ-दहा जुन्या गाण्यांचे पुनर्मुद्रण करून 'तेव्हा तुम्ही आम्हांला ओळखले नाही' असा टाहो फोडणे सोपे होते. तसा त्यांना हक्कही होता. त्याऐवजी गौतमबाबूंनी आपल्या नावाची कमान उभारली आणि तिच्याखालून दुसऱ्यांना आत घेतले. बँड सत्तरीत पडला तो गाणी हिणकस होती म्हणून नव्हे. ऐकणारे कान नव्हते. ते कान घडवण्याचे काम पुढे या मंडळींनी दुसऱ्यांची गाणी निवडून केले. 'आबार बछर कुडि परे' नंतर 'झरा समयेर गान', 'माया', 'ख्यापार गान' अशा आणखी तीन कॅसेटी निघाल्या. त्यांत डावे-उजवे पुष्कळ आहे. संपादकाचे मन मोठे असले की निवड थोडी सैल होते, हे नियतकालिके चालवणाऱ्यांना ठाऊक आहेच. पण आज बंगालमध्ये 'बांगला बँड' हा शब्द पोरासोरांच्या तोंडी आहे, तो या चार कॅसेटींनंतर.

२० जून १९९९ रोजी गौतमबाबू गेले. रंजन घोषाल २०२० साली आणि तापस दास २०२३ साली गेले. अब्राहम मजुमदारांनी पुढे कलकत्त्यातच मुलांना पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवले. गौतमबाबूंचा मुलगा गौरव 'लक्ष्मीछाडा' नावाच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. लक्ष्मीछाडा म्हणजे ज्याला लक्ष्मी सोडून गेली तो; आपल्याकडे आया लाडाने 'मेल्या' म्हणतात त्याच जातीचा शब्द.

तबकड्या आता मिळणे कठीण आहे, पण गाणी मोबाईलवर सापडतात. घरातल्या कोणत्याही मुलाला नाव सांगा, दोन मिनिटांत काढून देईल. आज रात्री जेवणे झाल्यावर आधी 'पृथिबीटा नाकि' लावा. मग 'हाय भालोबासी' दोनदा. पहिल्यांदा चालीसाठी. दुसऱ्यांदा, ती यादी संपून राबणारी माणसे येतात तिथे कान देऊन.