प्रथिनांचा निचरा आणि घरचा काढा

(शाहूपुरी, कोल्हापूर येथील व्याख्यानाचा संपादित अंश)



राजर्षी शाहू महाराजांनी वसवलेल्या या व्यापारपेठेला एक नियम सांगण्याची आवश्यकता नाही. नव्या मालाची आवक जितकी महत्त्वाची, तितकाच खराब मालाचा निपटाराही महत्त्वाचा. मानवी पेशीचा व्यवहार याच नियमाने चालतो. बिघडलेल्या किंवा काम संपलेल्या प्रथिनावर 'युबिक्विटिन' या लहान प्रथिनाची जणू चिठ्ठी लागते. मग 'प्रोटिअसोम' या नळकांड्यासारख्या यंत्रणेत शिरून त्याचे बारीक तुकडे होतात. युबिक्विटिनच्या या कार्याचा उलगडा करणारे आरॉन सिचॅनोव्हर, आव्राम हर्श्को व अर्विन रोझ हे २००४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले.

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात रोगट पेशी प्रचंड प्रमाणात प्रथिने निर्माण करतात. निचरा अडवला, तर त्या स्वतःच्याच कचऱ्याखाली गुदमरतात. या तत्त्वावरील बोर्टेझोमिब या औषधास अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या रेणूतील बोरॉन प्रोटिअसोमला जखडून ठेवतो.

येथे हळदीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवून दिले, की हळदीतील कर्क्युमिनही पेशींतील प्रोटिअसोमचे कार्य रोखते. ही गोष्ट अभिमानाची खरी. परंतु प्रयोगशाळेतील पेशी म्हणजे रुग्ण नव्हे. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्पच पोहोचते.

याहून गंभीर बाब दुसरीच आहे. ग्रीन टीमधील घटक बोर्टेझोमिबच्या बोरॉनशी बांधला जाऊन औषधच निष्प्रभ करतो, असे २००९ मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांना उंदरांवरील प्रयोगांत आढळले. 'नैसर्गिक आहे, अपाय काय होणार?' या समजुतीने मायेपोटी दिलेला पेला महागड्या उपचारावर पाणी फिरवू शकतो.

हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत दिले गेलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवून घेतले. ती लढाई नुसत्या भावनेवर नव्हे, लेखी पुराव्यांवर जिंकली गेली. परंपरेचा खरा आदर तिला कसोटीवर उतरवण्यात आहे. म्हणून घरातील रुग्णास काढा, चूर्ण, ग्रीन टी किंवा जीवनसत्त्वाची गोळी देण्यापूर्वी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. रुग्णसेवेत मायेइतकीच दक्षताही हवी.