मानेचें वय

लग्नसराईचे दिवस आहेत. संगमनेरांतील एका घरीं कपाटांतून दागिन्यांची पेटी बाहेर निघाली आहे. ठुशी, चिंचपेटी, पुतळ्यांची माळ, मोहनमाळ असे सारे दागिने गुलाबी कागदांतून मोकळे होऊन गादीवर मांडले गेले आहेत. घरची आई पन्नाशी ओलांडलेली. ती ठुशी उचलते, आरशासमोर उभी राहते आणि मागचा गोंडा बांधूं लागते. इतक्यांत लेक सहज म्हणते, "आई, ठुशी राहूं दे ग. आतां तुला मोहनमाळच बरी दिसेल."

लेकीच्या बोलण्यांत दुष्टावा नसतो. पण त्याचा अर्थ आईला तत्काळ कळतो. ठुशी गळ्याला चिकटून बसते व मानेवरची प्रत्येक वळी दाखविते. मोहनमाळ छातीवर लोंबते व पाहणाराची दृष्टि खालीं नेते. चेहऱ्यानें जें झांकून ठेविलें होतें तें मानेनें सांगून टाकलें! असा प्रसंग कोणत्याही घरीं घडण्यासारखा आहे. मग त्या घरांत दोन प्रश्न उभे राहतात. शस्त्रक्रियेवांचून ही मान पुन्हां तरुण होईल काय? आणि होत असल्यास त्यासाठीं काय करावें व काय करूं नये?

मराठी भाषेनें या अवयवाचा मोठा गौरव केला आहे. 'मान' म्हणजे शरीराचा अवयव आणि 'मान' म्हणजे प्रतिष्ठाही. लाज वाटली कीं मान खालीं जाते, पराक्रम केला कीं ती ताठ होते, गाणें रंगलें कीं ती डोलूं लागते. भाषेनें जितकें लक्ष तिच्याकडे दिलें तितकें तिच्या मालकांनीं मात्र दिलेलें नाहीं. चेहरा दिवसांतून तीनदां धुतला जातो. त्याला लावावयाचें मलम हनुवटीच्या कांठाशीं येऊन थांबतें. मान तशीच उन्हांत उघडी राहते, आणि वीस-पंचवीस वर्षांनीं एकदम आठवते.

ती आधीं कां थकते, याचीं कारणें तिच्या रचनेंतच आहेत. मानेच्या पुढील भागावरील त्वचा गालाच्या त्वचेपेक्षां पातळ असते व तिच्यांत तेल पाझरणाऱ्या ग्रंथि थोड्या असतात. म्हणून ती लवकर कोरडी पडते. त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेनचे तंतु आणि लवचिकपणा देणारे इलॅस्टिनचे तंतु वयाबरोबर कमी होतात व विस्कटतात. त्वचेखालीं छातीच्या वरच्या भागापासून जबड्यापर्यंत एक रुंद, पातळ स्नायु पसरलेला असतो. त्याला प्लॅटिझ्मा म्हणतात. वय वाढलें कीं याच्या कडा पुढें येऊन मानेवर उभे दोर दिसूं लागतात. हनुवटीखालीं मेद सांचला तर त्याची आणखी भर पडते.

तेव्हां 'म्हातारी मान' ही एक तक्रार नसून चार तक्रारी आहेत: सुरकुतलेली त्वचा, उभे दोर, सांचलेला मेद आणि सैल पडून लोंबणारी कातडी. प्रत्येकीचा उपाय निराळा. एकच डबी या चारींवर चालते असें जो सांगेल, त्याच्यापासून सावध असावें. आडव्या वळ्या तर पुष्कळांच्या मानेवर तरुणपणापासूनच असतात. त्यांना म्हातारपणाचा शिक्का मारणें हा मानेवर अन्यायच होय.

या सर्वांत मोठा शत्रु म्हणजे ऊन. याचा पुरावा प्रत्येकाच्या अंगावरच असतो. हनुवटीच्या सावलींत मानेचा जो लहानसा तुकडा राहतो, तो बहुधा उजळ व मऊ असतो. त्याच्या दोन्ही बाजूंची व खालची त्वचा मात्र तांबूस-काळसर, ठिपक्याठिपक्यांची होते. दोन्ही भागांचें वय एकच. फरक केवळ सावलीचा. संगमनेर हें प्रवरा व म्हाळुंगी यांच्या संगमावरचें गांव. त्याच्या आसपास उंसाच्या फडांत वा डाळिंबाच्या बागेंत जन्मभर राबलेल्या शेतकऱ्याची मान मागून पाहावी. तेथील कातडी जाड होऊन तींत खोल रेघा पडतात आणि त्या रेघांच्या चौकटी उमटतात. त्याच शेतकऱ्याची सदऱ्याखालील पाठ पाहिली तर ती दुसऱ्या, पुष्कळ तरुण माणसाची वाटावी. उलट डोक्यावरून पदर घेणाऱ्या आजीबाईंची मान मागच्या बाजूनें कितीतरी जपलेली आढळते. पदर, उपरणें, खांद्यावरचा पंचा आणि बंद गळ्याचा सदरा हीं मानेचीं सर्वांत जुनीं औषधें होत.

दुसरा शत्रु वांकणें. संगमनेर विड्यांच्या धंद्यासाठीं प्रसिद्ध आहे. मांडीवर सूप घेऊन, तेंदूचें पान कापून, तंबाखू भरून, दोरा गुंडाळून बायका तासन् तास विड्या वळतात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबानें मिळते. 'मान मोडून काम करणें' हा वाक्प्रचार तेथें अक्षरशः खरा होतो. मस्तकाचें वजन चार-पांच किलो असतें, आणि मान जितकी पुढें झुके तितका मागच्या स्नायूंवरील भार वाढतो. आतां शहरांतील सुशिक्षित मंडळीही हातांतल्या मोबाइलवर तशाच माना घालून बसतात. फरक इतकाच कीं त्यांना मजुरी मिळत नाहीं! काम वा पुस्तक डोळ्यांच्या जवळ उंचावर घेणें आणि अर्ध्या तासानें मान वर करून खांदे मागें घेणें, हा बिनपैशाचा उपाय दोघांनाही सारखाच लागू आहे. त्यानें सुरकुत्या पुसल्या जाणार नाहींत. पण ताठ मान पांच वर्षांनीं लहान दिसते, हें कोणीही आरशांत पाहून घ्यावें.

व्यायामाविषयीं महाराष्ट्राला उपदेशाची वाण नाहीं. औंध संस्थानचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि (१८६८–१९५१) यांनीं स्वतः नित्य सूर्यनमस्कार घातले व आपल्या संस्थानांतील शाळांतून ते सुरू केले. लुईझ मॉर्गन नांवाच्या पत्रकार बाईंनीं त्यांच्या पद्धतीवर १९३८ सालीं इंग्रजी पुस्तकही प्रसिद्ध केलें. सूर्यनमस्कारांत मान आलटून पालटून मागें जाते व छातीकडे येते. त्यानें सांधे मोकळे राहतात व रक्ताभिसरण सुधारतें. मात्र सैल झालेली त्वचा व्यायामानें आंवळली जाते असें मानण्यास आधार नाहीं. ज्यांच्या मानेचे मणके झिजलेले आहेत अथवा रक्तदाब चढलेला आहे, त्यांनीं सर्वांगासनासारखीं मानेवर भार टाकणारीं आसनें वैद्यकीय सल्ल्यावांचून करूं नयेत.

आतां लेपांकडे वळावें. तिळाचें वा खोबऱ्याचें तेल त्वचेंतील ओलावा टिकवून तिला मऊ करतें व बारीक रेघा कमी दिसतात. परंतु तें तंतु नव्यानें घडवीत नाहीं. उन्हापासून रक्षण करणारें मलम याहून अधिक कामाचें. ऑस्ट्रेलियांतील नॅम्बर गांवीं पंचावन्न वर्षांखालील ९०३ माणसांवर साडेचार वर्षें प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाला. रोज नियमानें मलम लावणारांच्या त्वचेचें वार्धक्य, मन मानेल तेव्हां लावणारांपेक्षां २४ टक्क्यांनीं कमी आढळलें. तपासणी हाताच्या पाठीवरील त्वचेची केली होती. पण ऊन हाताला एक न्याय व मानेला दुसरा लावीत नाहीं. मलमाच्या वेष्टनावर 'एसपीएफ' ३० वा अधिक असावें, तें मानेच्या पुढें, मागें व कानांखालीं लावावें आणि उन्हांत राहिल्यास दर दोन तासांनीं पुन्हां लावावें.

झालेली हानि थोडीबहुत भरून काढणारें म्हणून ज्याची परीक्षा झाली आहे असें औषध म्हणजे 'अ' जीवनसत्त्वापासून बनविलेलें ट्रेटिनॉइन. अमेरिकेंतील आल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनीं १९८६ सालीं उन्हानें जीर्ण झालेल्या त्वचेवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला. त्यानें नवीन कोलॅजेन तयार होण्यास मदत होते. मात्र फळ दिसण्यास कित्येक महिने लागतात. मानेची त्वचा नाजूक असल्यामुळें तेथें आग होणें, सालें निघणें हे प्रकार चेहऱ्यापेक्षां लवकर होतात. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानें, अल्प प्रमाणांत, रात्रीं, प्रथम आठवड्यांतून दोनदांच तें लावावें. गर्भवती स्त्रीनें तें वर्ज्य करावें.

याच्या पुढचे उपाय दवाखान्यांतले. उभ्या दोरांसाठीं बोट्युलिनम नांवाचें जंतुजन्य विष अत्यल्प प्रमाणांत टोंचतात, म्हणजे तो स्नायु सैल पडतो. कॅनडांतील कॅरुथर्स दांपत्यानें १९९२ मध्यें भुंवयांमधील आठ्यांसाठीं त्याचा उपयोग प्रसिद्ध केला होता. मानेच्या दोरांसाठीं अमेरिकन नियामक संस्थेची मान्यता ऑक्टोबर २०२४ मध्यें मिळाली. गुण तीन-चार महिने टिकतो. मात्रा चुकली तर घांस गिळणें कठीण होतें, म्हणून अननुभवी हातांत ही सुई देऊं नये. हनुवटीखालच्या मेदासाठीं डीऑक्सिकोलिक आम्ल टोंचण्यास तेथें २०१५ मध्यें मान्यता मिळाली. त्यानें मेद विरघळतो, पण कांहीं दिवस सूज येते, आणि आधींच सैल असलेली कातडी अधिकच सैल दिसण्याचा संभव असतो. त्वचा आंवळण्यासाठीं ध्वनिलहरी एकवटून आंतील थरास उष्णता देतात. ज्या जातीच्या रेडिओलहरी एखादें भाषण घरोघर पोंचवितात, त्या जातीच्या लहरीही याच कामीं योजतात. उष्णतेनें दुखावलेला थर दोन-तीन महिन्यांत नवे तंतु बनवितो. हा लाभ सौम्य असतो व थोड्या सैल त्वचेलाच होतो. खरोखर लोंबणाऱ्या कातडीला यांपैकीं कशानेंही पूर्ववत् करतां येत नाहीं. हें आधींच स्पष्ट सांगणारा डॉक्टर विश्वासाला पात्र समजावा.

परंतु या विषयांतील खरें भय दवाखान्यांत नसून बाजारांतील बिननांवाच्या डब्यांत आहे. २०२३ च्या आरंभीं विदर्भांतील एका कुटुंबांत त्वचा उजळण्याचें मलम वापरल्यावर मूत्रपिंडें बिघडल्याची हकीकत वृत्तपत्रांतून आली. त्या मलमांत पारा आढळला होता. पारा त्वचेंतून शिरतो व मूत्रपिंडांत जाऊन बसतो. दुसरें संकट स्टेरॉइड मिसळलेल्या मलमांचें. चार दिवस मान उजळते, मग तींच मलमें मूळची पातळ त्वचा आणखी पातळ करतात, शिरा दिसूं लागतात आणि मलम सोडलें कीं आग होते. २०१८ सालीं भारत सरकारनें अशीं अनेक मलमें डॉक्टरच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली. तरी तीं मागणारे व देणारे दोन्ही शिल्लक आहेत. शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) संगमनेरचेच. ते आज असते तर या डब्यांवर त्यांनीं एखादा खणखणीत फटका रचल्यावांचून सोडलें नसतें!

एक गोष्ट याहूनही महत्त्वाची आहे. मानेच्या मागें व बाजूंना मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा दिसूं लागला, तर तो मळ नव्हे आणि वयही नव्हे. शरीरांत इन्सुलिनचें काम नीट चालत नसल्याची ती पुष्कळदां खूण असते. मधुमेह दाराशीं आला आहे असें ती सांगते. घरोघरीं वाढत्या वयाच्या मुलींना "मान नीट घांस" म्हणून बोलणीं बसतात, आणि बिचाऱ्या दगडानें मान घांसून ती सोलून घेतात. तेथें साबण नको, लेप नको. रक्तांतील साखर तपासावी, वजन उतरवावें. तसेंच मानेवर गांठ आली, गळ्याच्या पुढें फुगवटा दिसला, आवाज बसला तो तीन आठवड्यांत सुटला नाहीं, तर सौंदर्याचा विचार बाजूस ठेवून डॉक्टरांकडे जावें. मान वय सांगते तसा आजारही सांगते. वयाची चुगली झांकण्याच्या भरांत आजाराची सूचना झांकली जाऊं नये.

पुन्हां त्या आरशाकडे यावें. आईच्या हातांत ठुशी आहे. शस्त्रक्रियेवांचून तिची मान वीस वर्षांची होणार नाहीं. उद्यांपासून पदर, मलम, तेल, ताठ बसणें आणि वाटल्यास जाणत्या डॉक्टरचा सल्ला, इतक्यानें ती आहे त्याहून मऊ राहील व पुढें हळूहळू थकेल. याहून अधिकाचें वचन देणारास पैसे देऊं नयेत. पण लेकीनें तरी या मानेकडे एकदां नीट पाहावें. याच मानेनें पाण्याच्या हंड्यांचा भार पेलला, शिवणयंत्रावर ती रात्रींच्या रात्रीं वांकली, आजारी पोराच्या पाळण्यावर ती झुकून राहिली. तिच्यावरील रेघांत त्या घराचा जमाखर्च लिहिलेला आहे.

लेकीला हें बहुधा उमगतें. ती पुढें होते, आईच्या हातांतली ठुशी घेते, आणि मागें उभी राहून गोंडा स्वतः बांधते. आई मान वर करते. ठुशी नीट बसते.