प्रेस्टनच्या पोरी



आज आम्ही तुम्हाला एका फुटबॉल संघाची हकिकत सांगणार आहोत. या संघात खेळणाऱ्या सगळ्या बाया होत्या. ही गोष्ट आपल्याकडची नव्हे, इंग्लंडातली आहे. पण ऐकून ठेवण्यासारखी आहे.

इंग्लंडात प्रेस्टन नावाचे शहर आहे. तेथे ‘डिक, कर’ नावाचा कारखाना होता. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. गडीमाणसे लढाईवर गेली. मग कारखान्यात बाया कामाला लागल्या. तेथे तोफांचा दारूगोळा बनत असे. काम जड आणि जोखमीचे. दुपारच्या सुट्टीत या पोरी आवारात चेंडू खेळत. खेळता खेळता गोडी लागली. १९१७ साली त्यांनी आपला संघ उभा केला.

त्याच वर्षी २५ डिसेंबरला, नाताळच्या दिवशी, त्यांचा मोठा सामना झाला. बघायला १०,००० माणूस लोटला. तिकिटांचा पैसा कुठे गेला? जखमी शिपायांच्या इस्पितळाला. पुढे तसाच रिवाज पडला. पोरींनी खेळावे, लोकांनी तिकीट काढावे आणि पैसा गरजूंना जावा. खेळणारीला मात्र एका सामन्याचे १० शिलिंग मिळत. कामाचा खाडा होई, त्याची ती भरपाई.

१९२० साली लिली पार नावाची मुलगी संघात आली. वय पंधराच्या आसपास. पण डाव्या पायाची लाथ अशी जबर, की भलेभले गडी चकित होत.

त्याच वर्षी डिसेंबरात लिव्हरपूल शहरात सामना झाला. आत ५३,००० लोक! मैदान भरून गेले. हजारो लोक दारातून माघारी फिरले. त्या एका दिवसात ३,००० पौंडांहून जास्त रक्कम जमली.

आता पुढे ऐका. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल मंडळाने ठराव केला. काय ठराव? हा खेळ बायकांना शोभत नाही. जमलेल्या पैशांतला फार भाग खर्चात जातो. म्हणून मंडळाच्या कोणत्याही क्लबाने बायकांना मैदान देऊ नये. काही डॉक्टरांनीही मान डोलावली. म्हणाले, बायकांच्या शरीराला हा खेळ सोसणार नाही. दारूगोळ्याचे काम मात्र त्याच शरीराला सोसले होते, बरं का!

मोठी मैदाने बंद झाली. पोरींनी खेळ सोडला का? नाही. मिळेल त्या मैदानावर त्या खेळल्या. १९२२ साली अमेरिकेला गेल्या. तेथे पुरुषांच्या संघांशी खेळल्या आणि काही सामने जिंकल्याही. हा संघ १९६५ पर्यंत चालला. बंदी उठली १९७१ साली. म्हणजे ५० वर्षे गेली. लिली पार तोवर म्हातारी झाली होती.

पुढे काळ पालटला. २०११ साली इंग्लंडात बायकांच्या क्लबांची मोठी स्पर्धा सुरू झाली. २०१८ पासून त्या क्लबांत पगारी खेळाडू असतात. खेळ हीच त्यांची नोकरी. २०२२ साली लंडनला युरोपच्या स्पर्धेचा शेवटचा सामना झाला. इंग्लंडच्या मुलींनी जर्मनीला हरवले. बघायला ८७,१९२ लोक होते.

शेवटी आमचीही एक चूक सांगतो. आम्ही पुष्कळ वर्षे हेडमास्तर होतो. खेळाच्या तासाला मुलांना चेंडू देत होतो. मुलींना सांगत होतो, “कडेला फुगड्या खेळा.” एकदा एक मुलगी म्हणाली, “गुरुजी, कडेला आलेला चेंडू तरी आम्ही परत मारू का?” आम्ही म्हटले, “नको.” ती गप्प बसली. त्या मंडळाने केले तेच आम्ही केले होते. फक्त ठराव लिहिला नव्हता.

तेव्हा तुमच्या घरची मुलगी चेंडू मागेल, तर ‘शोभत नाही’ असे म्हणू नका. शाळेत जा. गुरुजींना सांगा, खेळाच्या तासाला मुलींनाही चेंडू द्या. गुरुजी कुरकुर करतील. तरी सांगा. आम्हाला त्या वेळी असे कोणी सांगितले नाही.