इंग्रजी वाङ्मय की तत्त्वज्ञान?

बारावीचा निकाल हाती आला म्हणजे इंदुरातील अनेक मराठी घरांत काही दिवस एकाच विषयाची चर्चा चालू असते. विज्ञानशाखेच्या विद्यार्थ्याचा मार्ग बहुधा आधीच ठरलेला असतो. वाणिज्यशाखेच्या विद्यार्थ्यालाही पुढच्या पायऱ्या ठाऊक असतात. परंतु एखाद्या मुलाने वा मुलीने कलाशाखेचा अर्ज पुढे ओढून इंग्रजी वाङ्मय आणि दर्शनशास्त्र, म्हणजेच तत्त्वज्ञान, ह्या दोन नावांवर बोट ठेवले की घरातील वडीलधारी मंडळी जवळ येऊन बसतात. वडील पोटापाण्याचा प्रश्न काढतात. आजोबांना इंग्रजीचे महत्त्व पटते; पण तत्त्वज्ञानासाठी महाविद्यालयात कशाला जायला हवे, ज्ञानेश्वरी घरात आहेच, असे त्यांचे म्हणणे पडते. ह्यांपैकी कोणाचीही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. तारुण्यातील तीन-चार वर्षे आणि मध्यमवर्गीय संसारातून काढलेला पैसा ह्या दोन्ही गोष्टी एकदा खर्ची पडल्या की परत मिळत नाहीत. म्हणूनच ही निवड डोळसपणे झाली पाहिजे.

इंदुरात उच्च शिक्षणाची परंपरा जुनी आहे. कॅनडातील प्रेस्बिटेरियन मिशनने १८८७ साली येथे ख्रिश्चन कॉलेज काढले आणि १८९१ मध्ये शिवाजीराव होळकर महाराजांनी होळकर कॉलेजची स्थापना केली. परीक्षा घेणारी विद्यापीठे मात्र दीर्घ काळ दूरच होती. १९२७ साली आग्रा विद्यापीठ निघाल्यावर येथील विद्यार्थी त्याच्या पदव्या घेऊ लागले; १९५७ मध्ये उज्जैनचे विक्रम विद्यापीठ आले; आणि १९६४ मध्ये इंदूरला स्वतःचे विद्यापीठ मिळाले. १९८८ पासून ते देवी अहिल्येच्या नावाने ओळखले जाते. ज्या होळकर कॉलेजातून गजानन माधव मुक्तिबोधांनी १९३८ साली बी.ए. केले, ते आज विज्ञान महाविद्यालय आहे. त्याच्या आसपासचा भंवरकुव्याचा परिसर स्पर्धा-परीक्षांच्या शिकवण्यांनी गजबजलेला असतो. व्यवस्थापनशास्त्राची राष्ट्रीय संस्था १९९६ मध्ये आणि तंत्रविज्ञानाची २००९ मध्ये शहरात आली. अशा वातावरणात वाङ्मय किंवा तत्त्वज्ञान निवडणाऱ्या विद्यार्थ्याला आपण मुख्य प्रवाहाच्या बाहेर पडत आहोत, असे वाटले तर नवल नाही.

ह्या दोन्ही विषयांविषयी समाजात काही गैरसमज रूढ आहेत. इंग्रजी वाङ्मय घेतले म्हणजे इंग्रजी फाडफाड बोलता येईल, हा पहिला. भाषेवर प्रभुत्व येणे हे त्या अभ्यासाचे एक फळ खरे. पण तो त्याचा हेतू नव्हे. केवळ संभाषणच शिकायचे असेल तर त्याला पदवीची तीन वर्षे लागत नाहीत. वाङ्मयाचा विद्यार्थी शब्दाचा विचार करतो: हाच शब्द का, ह्याच जागी का, ह्या पात्राच्या तोंडी का? ज्या समाजात ती कृती जन्मली त्याचा इतिहास त्याला अभ्यासावा लागतो आणि एकच उतारा अनेकदा वाचण्याचा कंटाळा टाकावा लागतो.

तत्त्वज्ञानाविषयीचा गैरसमज याहून जुना आहे. प्रवचन ऐकणे, मनाला शांती मिळवणे किंवा जीवनाविषयी आपापली मते मांडणे म्हणजे तत्त्वज्ञान, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ह्या विषयाच्या वर्गात तर्कशास्त्र येते, ज्ञान कशाला म्हणावे ह्याची चिकित्सा येते, नीतीच्या कसोट्यांचा ऊहापोह येतो. मत कोणते आहे ह्यापेक्षा त्याला आधार कोणता आहे, हे तेथे विचारले जाते. घरातील आजोबांचे म्हणणे ह्या ठिकाणी उलट त्यांच्या नातवाच्या बाजूचे ठरते. ज्या ज्ञानेश्वरांची ज्ञानेश्वरी देव्हाऱ्याजवळ असते त्यांनीच ‘अमृतानुभव’ लिहिला, आणि त्यात अज्ञानाच्या कल्पनेचे खंडन करणारे एक सबंध प्रकरण आहे. प्रतिपक्षाचा मुद्दा घ्यावा, तो पारखावा, मग आपला सिद्धांत मांडावा, ही रीत मराठी माणसाला परकी नाही.

दोन विषयांतील भेद आणि नाते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ घ्यावे. राजपुत्राला मृत पित्याचे भूत दिसते आणि आपला खून आपल्याच भावाने केला, असे ते सांगते. तो भाऊ आता सिंहासनावर आहे. राजपुत्राने सूड घ्यावा की घेऊ नये? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी येथे प्रथम प्रमाणाचा प्रश्न उभा करील. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली आहेत. भुताचे सांगणे हे शब्दप्रमाणात बसेल. पण शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा, म्हणजे ज्याला वस्तुस्थिती ठाऊक आहे आणि जो ती खरी सांगतो, अशा विश्वसनीय व्यक्तीचा. हे भूत आप्त कशावरून? हॅम्लेटलाही हीच शंका येते. हा सैतानाचा डाव असेल, असे त्याला वाटते. म्हणून तो नटांकडून त्याच प्रकारच्या खुनाचा प्रवेश राजासमोर करवून घेतो. राजा अस्वस्थ होऊन उठतो, आणि त्या अस्वस्थतेच्या खुणेवरून हॅम्लेट त्याच्या अपराधाचे अनुमान करतो. शब्दावर विश्वास बसेना म्हणून तो अनुमानाकडे वळला. परंतु राजा उठला तो अपराधी म्हणूनच, की आपल्या जिवाला धोका आहे असे वाटून? कारण नाटकातल्या त्या नाटकात खून करणारा राजाचा पुतण्या दाखवला आहे, आणि हॅम्लेटही राजाचा पुतण्याच आहे. अनुमान निर्दोष आहे की नाही, हा वाद येथे रंगू शकतो.

वाङ्मयाचा विद्यार्थी ह्याच प्रसंगाकडे दुसऱ्या बाजूने येतो. राजाच्या अपराधाची खात्री पटल्यावरही हॅम्लेट विलंब का करतो? त्याच्या स्वगतांतील भाषा कोठे वेग घेते आणि कोठे अडखळते? नाटककाराने प्रेक्षकाला राजाचा कबुलीजबाब ऐकवला, पण हॅम्लेटला तो का ऐकू दिला नाही? पहिल्या विद्यार्थ्याला निष्कर्षाची पारख करायची असते. दुसऱ्याला त्या अनुभवाची घडण उलगडायची असते. दोघांनाही एकमेकांचे ऐकल्यावाचून नाटक पुरते कळत नाही. गोपाळ गणेश आगरकरांचे उदाहरण ह्या दृष्टीने मनात ठेवण्यासारखे आहे. मिल्ल आणि स्पेन्सर ह्यांच्या विचारांचे संस्कार घेतलेल्या ह्या कठोर बुद्धिवाद्याने ‘हॅम्लेट’चेच ‘विकारविलसित’ हे मराठी रूपांतर केले, आणि ते १८८३ साली प्रसिद्ध झाले.

इंदूर परिसरातही असा दाखला आहे. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात १९१७ साली जन्मलेले प्रभाकर माचवे इंदूर आणि आग्रा येथे शिकले. त्यांनी तत्त्वज्ञान आणि इंग्रजी वाङ्मय ह्या दोन्ही विषयांत एम.ए. केले, उज्जैनच्या माधव कॉलेजात दहा वर्षे अध्यापन केले, मग आकाशवाणीत आणि पुढे साहित्य अकादमीत काम करून तिच्या सचिवपदापर्यंत ते पोचले. १९४३ च्या ‘तार सप्तक’ ह्या हिंदी काव्यसंग्रहातील सात कवींत मुक्तिबोधांच्या बरोबरीने तेही होते. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र हे इंदुरात जन्मले आणि मराठीत कवी व समीक्षक म्हणून मान्यता पावले. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ ह्या त्यांच्या तात्त्विक समीक्षाग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. महाराष्ट्रात बा. सी. मर्ढेकर आणि रा. भा. पाटणकर हे दोघेही इंग्रजीचे प्राध्यापक. पण मर्ढेकरांचे ‘सौंदर्य आणि साहित्य’ आणि पाटणकरांची ‘सौंदर्यमीमांसा’ हे ग्रंथ वाङ्मयाच्या वाटेने तत्त्वज्ञानात शिरलेले आहेत. उलट दिशेचा प्रवासही घडतो. टी. एस. एलियट ह्यांचा हार्वर्डमधील प्रबंध ब्रॅडली ह्या तत्त्वज्ञावर होता, आणि केंब्रिजमध्ये वाङ्मयसमीक्षेला नवी शिस्त लावणारे आय. ए. रिचर्ड्स मूळचे तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी होते.

ह्या नावांवरून दोन्ही विषय एकदमच हाती घ्यावेत, असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. ह्या मंडळींनी आधी एका विषयाची मेहनत पुरी केली आणि त्या बळावर दुसऱ्यात प्रवेश केला. आजच्या विद्यार्थ्याला ह्या बाबतीत एक सोय आहे. नव्या शिक्षणधोरणानुसार मध्य प्रदेशात २०२१-२२ पासून पदवीच्या अभ्यासात एक मुख्य विषय आणि त्याच्या जोडीला एक गौण विषय घेण्याची व्यवस्था झाली. विद्यार्थी त्यांना मेजर आणि मायनर म्हणतात. तेव्हा खरा प्रश्न दोहोंपैकी एकाचा त्याग करण्याचा नसून मुख्य स्थान कोणाला द्यावे, हा आहे. अर्थात प्रत्येक महाविद्यालयात दोन्ही विषय असतातच असे नाही, आणि नियमही बदलतात. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी चालू वर्षाची माहिती महाविद्यालयात जाऊन विचारून घेणे इष्ट.

मुख्य विषय ठरवताना आवड ही एकटीच कसोटी पुरत नाही. कादंबऱ्या आवडणारे पुष्कळ असतात आणि रात्री गच्चीवर ईश्वराच्या अस्तित्वावर वाद घालणारेही पुष्कळ असतात. कोणत्या विषयातील कष्ट रोज सोसण्याची आपली तयारी आहे, हे पाहिले पाहिजे. ह्यासाठी सुटीतील पंधरा दिवस पुरेसे आहेत. एक इंग्रजी नाटक शब्दकोश जवळ घेऊन संपूर्ण वाचावे. नंतर प्लेटोचा एखादा छोटा संवाद किंवा देकार्तच्या सहा चिंतनांपैकी पहिली दोन वाचावीत आणि प्रत्येक परिच्छेदातील युक्तिवाद स्वतःच्या मराठीत दोन ओळींत लिहून काढावा. जे पान तिसऱ्यांदा वाचतानाही हात पुस्तक मिटायला जात नाही, तो आपला विषय. त्याचबरोबर अभ्यासक्रम आणि मागील दोन-तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात, ग्रंथालयात त्या विषयाची किती कपाटे आहेत हे पाहावे आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांशी बोलावे.

माध्यमाचाही विचार करावा. इंग्रजी वाङ्मयाची उत्तरे इंग्रजीतच लिहावी लागतात. तत्त्वज्ञान येथे हिंदीतूनही शिकता येते. इंदुरातील मराठी विद्यार्थ्याच्या घरात मराठी, रस्त्यावर हिंदी आणि पुस्तकात इंग्रजी असते. ह्याचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. तीन भाषांत एखादी संकल्पना तोलून पाहणाऱ्याला ती अधिक स्पष्ट होते. मराठी विश्वकोशातील तत्त्वज्ञानविषयक नोंदी आता घरबसल्या वाचता येतात. त्यांचा आधार अवश्य घ्यावा.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्याचे उत्तर गोड करून देऊ नये. महाविद्यालयात अध्यापक व्हायचे तर एम.ए.ला सामान्यतः किमान ५५ टक्के गुण आणि नेट किंवा सेट परीक्षा, अथवा पीएच.डी., अशी वाट आहे. जागा थोड्या असतात आणि तत्त्वज्ञानाच्या त्याहून थोड्या. इंग्रजीच्या पदवीधराला शाळा, अनुवाद, वृत्तपत्रे आणि प्रकाशन ही क्षेत्रे तुलनेने जवळची. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला कायद्याच्या अभ्यासात युक्तिवादाची सवय उपयोगी पडते. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय आहे, आणि २०१३ पासून नीतिविषयक एक स्वतंत्र प्रश्नपत्रिकाही सर्वांना असते. इंदूरच्या तंत्रविज्ञान संस्थेतसुद्धा इंग्रजी आणि तत्त्वज्ञान ह्या विषयांत संशोधन चालते. परंतु ह्या शक्यता आहेत, हमी नव्हे. म्हणून पदवीच्या काळातच भाषांतर, संपादन, अध्यापन किंवा संगणकावरील एखादे काम हाताशी करून घेणे शहाणपणाचे. ज्या घरात मिळकतीची निकड तातडीची आहे तेथे मुलाने आधी अर्थार्जनाचा मार्ग धरला आणि हे विषय मागाहून बाहेरून परीक्षा देऊन पुरे केले, तर त्यात कमीपणा मुळीच नाही.

सारांश, अर्ज भरण्यापूर्वी घरात दोन गोष्टी व्हाव्यात. मुलाने पंधरा दिवसांच्या वाचनाची आपली वही वडिलांसमोर ठेवावी, आणि वडिलांनी खर्चाचा व मुदतीचा हिशेब मोकळेपणाने मुलासमोर ठेवावा. हे दोन कागद शेजारी ठेवून झालेली चर्चा कडक झाली तरी चालेल. ती अज्ञानात झालेली नसेल. मग मुख्य स्थानी इंग्रजी वाङ्मय येवो वा तत्त्वज्ञान, निर्णय कोणाच्या आग्रहाखातर झाला असे पुढे कोणालाच म्हणावे लागणार नाही, आणि पहिल्या वर्षी पुस्तक जड वाटू लागले तरी विद्यार्थ्याला आपण ते का उघडले, हे ठाऊक असेल.