थेंबाथेंबाची बँक : डॉ. टी. एम. ए. पै यांचे स्मरण



तथागतांनी सिगालाला गृहस्थधर्म समजावताना मिळकतीचे चार वाटे करावयास सांगितले. एक संसाराला, दोन व्यवसायाला आणि चौथा अडीअडचणीसाठी. पण ज्याच्या हाती रोज चार-आठ आणेच पडतात, त्याने हा चौथा वाटा ठेवावा कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी एका लहान गावात शोधले, त्या डॉ. पै यांचे आज आपण स्मरण करीत आहोत.

त्यांचा जन्म १८९८ चा. शिक्षणाने डॉक्टर. कर्नाटक किनाऱ्यावरील उडुपी परिसरात हातमाग विणकर अडचणीत आले होते. त्यांना आधार मिळावा म्हणून पै यांनी बंधू उपेंद्र पै व वामन कुडवा यांच्यासह १९२५ साली अवघ्या आठ हजार रुपये भांडवलावर बँक काढली. तीच पुढे सिंडिकेट बँक झाली. १९२८ पासून बँकेचा माणूस रोज दारोदार जाऊन दोन-दोन आणे जमा करू लागला. आपल्या बाजारपेठेत आज जिला सगळे 'पिग्मी' म्हणतात, ती हीच.

बँकेची पायरी चढायला ज्यांना संकोच वाटे, त्यांच्या उंबऱ्यापर्यंत बँक आली, हे या कामाचे मर्म आहे. गाठीला चार पैसे असले की सावकाराच्या ओट्यावर हात जोडण्याची पाळी कमी येते.

१९५३ साली पै यांनी मणिपालला वैद्यकीय महाविद्यालय काढले. फीवर चालणाऱ्या खाजगी शिक्षणाची वाट त्यातून रुंद झाली. ती वाट गरिबांच्या मुलांना कितपत परवडते, हा प्रश्नही आपण विचारलाच पाहिजे. १९६९ साली बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७९ साली पै ८१ व्या वर्षी गेले आणि २०२० साली बँक कॅनरा बँकेत विलीन झाली. नाव गेले, रीत राहिली.

बाबासाहेबांनी १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिला. पैशाचा विचार आपल्याला परका नाही. म्हणून रोज थोडे बाजूला टाका, पण डोळसपणे. पावती घ्या, पासबुकातील नोंद तपासा. ठेव विमा महामंडळाचे संरक्षण बँकेतील ठेवीला आहे, पतसंस्थेतील ठेवीला नाही, हे घरोघरी सांगा. आपला चौथा वाटा मुलामुलींच्या शिक्षणासाठी शाबूत राहो, एवढेच मागणे.

नमो बुद्धाय! जयभीम!