दारू, मोटार आणि मजूर
(घाटकोपर येथें राहणाऱ्या आमच्या गांवकरी मंडळींपुढें केलेलें भाषण)



आम्ही खेड्यांतले शाळामास्तर. आमच्या हाताखालून गेलेलीं पोरें आज घाटकोपर-मुलुंडच्या कारखान्यांत प्रेसवर बसतात, अंधेरी-बोरिवलीस रिक्षा चालवितात, परांचीवर चढून विटा लावतात. दारू वाईट, एवढेंच सांगावयास आम्ही गाडीभाडें खर्चून आलों नाहीं. तें पिणारासही ठाऊक असतें. दारूपायीं कायदा मजुराचा काय हिशेब करतो, तें आज ऐका.

वांद्र्यास कार्टर रोडवर १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे रस्त्याच्या कामावरचे मजूर पदपथावर निजले होते. एक मोटार सरळ त्यांच्या अंगावर गेली. ७ ठार, ८ जखमी. चालविणाराच्या १०० मिलिलिटर रक्तांत ११२ मिलिग्रॅम दारू निघाली. कायद्याची मर्यादा ३० ची. प्याला कोण आणि मेले कोण! सत्र न्यायालयानें २००७ सालीं ६ महिने दिले, उच्च न्यायालयानें त्याचीं ३ वर्षें केलीं. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं तीं कायम केलीं व शिक्षा थोडी आहे असेंही म्हटलें. पण सरकारनें ती वाढवून मागितलीच नव्हती. रस्ता बांधणारास रस्त्याकडेलाच निजावें लागतें, हें आम्हांस त्या दारूइतकेंच सलतें.

आतां आपल्या रिक्षावाल्यांकडे वळूं. मोटार वाहन कायद्याच्या १८५ व्या कलमाचा दंड २०१९ च्या दुरुस्तीनें २,००० वरून १०,००० झाला. शिवाय ६ महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. दुसऱ्या खेपेस १५,००० आणि २ वर्षांपर्यंत कैद. ज्याच्या रिक्षावर कर्जाचा हप्ता आहे, त्यानें हा आंकडा घरांत बसून मांडून पाहावा. आणि रात्रींची दारू सकाळच्या पाळीपर्यंत उतरतेच असें नाहीं. लिंबू चोखून, गार पाण्यानें आंघोळ करून वास जाईल. रक्तांतली दारू यकृत आपल्या सावकाश चालीनेंच जिरवितें. प्रेसवर पाय दाबणें आणि हात मागें घेणें यांत पळभराचेंच अंतर असतें.

कामावर अपघात झाल्यास मालकानें भरपाई द्यावी, असा कायदा १९२३ सालीं झाला. पुढें दुरुस्त होत आलेल्या त्या कायद्यांत एक अपवाद होता, तोच २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत आहे: अपघात सरळ मजुराच्या नशेमुळें झाला असेल तर मालक भरपाईस बांधलेला नाहीं. म्हणजे प्यालेल्याचीं दोन बोटें गेलीं, तर बोटेंही गेलीं आणि पैसेही.

मायबहिणींनो, पुढचें नीट ऐका. मजूर मेला, किंवा कायमचा पुरता अपंग झाला, तर हा अपवाद मालकास लागू होत नाहीं. तरीही “तो प्यालेला होता” असें सांगून विधवेस दारांतूनच परत धाडणारे आहेत, आणि ती बिचारी लाजेनें मान खालीं घालून घरीं येते. लाज तिनें कां धरावी? अशा वेळीं कोऱ्या कागदावर अंगठा उठवूं नका. मजूर जिवंत असला तरी नुसत्या तोंडाच्या वासावर भागत नाहीं. कायद्यांत ‘सरळ’ हा शब्द आहे. यंत्राचें संरक्षक जाळें काढून ठेवलें होतें काय, हें बरोबरीच्या कामगारांस त्याच दिवशीं विचारून लिहून ठेवा. पगारांतून राज्य विमा कापत असेल तर दाद विमा कार्यालयांत मागावी लागते.

हातभट्टीविषयीं थोडेंच सांगतों. विक्रोळीस २००४ सालीं ८० हून अधिक, मालाडच्या मालवणींत २०१५ सालीं १०० हून अधिक माणसें विषारी दारूनें गेलीं. मालवणीच्या दारूंत मिथेनॉल होतें. रंग-व्हार्निशच्या कामांत लागणारें तें द्रव्य. पिऊन दुसऱ्या दिवशीं डोळ्यांपुढें धुकें दिसूं लागलें, तर झोंपवून ठेवूं नका. तडक सरकारी इस्पितळांत न्या, आणि काय प्याला तें डॉक्टरास खरें सांगा.

कारखान्याचा किंवा कोर्टाचा कागद आला आणि वाचून देणारा कोणी नसला, तर त्याची नक्कल आमच्या शाळेच्या पत्त्यावर धाडा. मूळ कागद हातचा सोडूं नका.